बिघाड वाचता आला पाहिजे

(तृतीय वर्ष कला)

संगणक अडला की कला शाखेचा विद्यार्थी खुर्ची मागे सारतो आणि शास्त्र शाखेकडच्या कुणाला तरी हाक मारतो. हा प्रकार आता इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे कुणालाच वाटेनासे झाले आहे. 'ते आपले काम नव्हे' एवढे वाक्य उच्चारले की आपली जबाबदारी संपते. गंमत अशी की, हाच विद्यार्थी सातशे वर्षांपूर्वीची ओवी अन्वयासह उलगडून दाखवतो, मोडीतला फाटका कागद भिंगाखाली धरून त्यातले गावाचे नाव शोधून काढतो. परंतु पडद्यावर उमटलेले दोन ओळींचे वाक्य मात्र न वाचताच 'ओके'चे बटण दाबून घालवून देतो. ही उदासीनता नुसती गैरसोयीची नाही, ती आपल्याला महाग पडणारी आहे. तिच्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहावेत म्हणून हा लेखप्रपंच.

हा प्रश्न आजच का निघावा, ते आधी सांगितले पाहिजे. विंडोज १० या प्रणालीला सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या पुरवण्याचे काम मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्यानंतर उरली ती केवळ अटींवरची तात्पुरती मुदतवाढ. पुढची विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. ही आठवी पिढी २०१७ साली बाजारात आली. याचा अर्थ असा की, त्यापूर्वी घेतलेले बहुतेक संगणक, मग ते कितीही सुस्थितीत असोत, या हिशेबाने निकामी ठरतात. अशी यंत्रे आपल्यासारख्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, ग्रंथालयांत आणि कार्यालयांत ओळीने मांडलेली आहेत. त्यांचे पुढे काय होते, हे डेडस्टॉक रजिस्टर पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. निर्लेखनाचा प्रस्ताव जातो, भंगारवाला येतो, आणि नव्या यंत्रांसाठी अनुदानाची वाट पाहत दोन-तीन वर्षांच्या तुकड्या संगणकाविनाच पदवीधर होऊन जातात.

या यंत्रांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवता येते. तिला परवान्याचे शुल्क नाही आणि तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवरही नीट चालतात. हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. तरीही उत्तर ठरलेले असते : 'चालेल हो, पण बिघडले तर बघणार कोण?' या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, आपण बघणार. कलाशाखेचे विद्यार्थी बघणार. कारण बिघाड शोधणे हे मुळात वाचनाचे काम आहे, आणि वाचन हाच तर आपला व्यवसाय आहे.

लिनक्सचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीने दिलेला एक लेझर प्रिंटर होता. त्यात कागद वारंवार अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन या तेथील प्रोग्रामरने पूर्वीच्या प्रिंटरसाठी अशी सोय केली होती की, प्रिंटर अडला की ज्यांची पाने छापायची आहेत त्यांना त्यांच्या संगणकावर वर्दी मिळावी. नव्या प्रिंटरसाठी तीच सोय करावी म्हणून त्याने मूळ आज्ञावली मागितली. ती नाकारली गेली. आपल्याच खोलीतले यंत्र दुरुस्त करण्यास आपल्यालाच मनाई, ही गोष्ट त्याच्या मनात सलत राहिली. त्यातून पुढे १९८३ साली 'जीएनयू' या मुक्त प्रणालीची घोषणा झाली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या घरच्या संगणकासाठी प्रणालीचा गाभा लिहिला आणि या दोन प्रवाहांचा संगम होऊन आजचे लिनक्स उभे राहिले. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे, आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच गाभा आहे. सांगण्याचे तात्पर्य, या प्रणालीचा जन्मच मुळी 'मला माझे यंत्र दुरुस्त करू द्या' या आग्रहातून झाला आहे. म्हणूनच तिच्यात झाकून ठेवलेले फारसे काही नाही; वाचणारा मात्र हवा.

आता वाचायचे काय? इतिहासाच्या विद्यार्थ्यांना बखर आणि शकावली यांतला भेद समजावून सांगायला नको. बखरीत रंग असतो, आवेश असतो, लिहिणाऱ्याची बाजू असते. जेधे शकावलीसारख्या साधनात तिथी आणि घटना एवढेच असते. आणि म्हणून अभ्यासक तिला अधिक मान देतात. संगणक बिघडल्यावर आपण जी तक्रार करतो ती बखर असते. 'मी काहीच केले नाही, आपोआप बंद पडला', 'कालपर्यंत झकास चालत होता', 'नेटच मेले आहे' ही सारी बखरीची भाषा. संगणक मात्र त्याच वेळी स्वतःची शकावली लिहीत असतो. कोणत्या क्षणी कोणते उपकरण जोडले गेले, कोणती सेवा सुरू झाली, कोणती कोसळली, हे सारे तो सेकंदासह टिपून ठेवतो. लिनक्समध्ये 'जर्नलसीटीएल' आणि 'डीमेसेज' या आज्ञा दिल्या की ती शकावली समोर येते. 'एलएसयूएसबी' आणि 'एलएसपीसीआय' या आज्ञांनी यंत्राला जोडलेल्या उपकरणांची यादी मिळते. ही भाषा रुक्ष असते हे खरे. परंतु जमाखर्चाच्या वह्या आणि सनदा वाचून समाजाचे चित्र उभे करणाऱ्या विद्याशाखेने रुक्षतेची सबब सांगावी, हे काही शोभत नाही.

एक-दोन उदाहरणे घेऊन हे पाहू. सुट्टीनंतर प्रयोगशाळा उघडली आणि एका संगणकावर कोणतेच संकेतस्थळ उघडेना, नवे सॉफ्टवेअरही उतरेना. पहिला तर्क अर्थातच 'नेट बंद'. परंतु शेजारचा संगणक त्याच तारेवर व्यवस्थित चालतो आहे. अशा वेळी पडद्यावरचा संदेश शेवटपर्यंत वाचणारा म्हणतो, येथे 'नॉट व्हॅलिड येट', म्हणजे 'अद्याप वैध नाही' असे लिहिले आहे. अद्याप वैध नाही म्हणजे काय? कशाच्या मानाने अद्याप? तो कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहतो, तर तारीख काही महिने मागची! प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची आणि अखेरची तारीख असते. संगणकाचे घड्याळ मागे पडले की आजचे प्रमाणपत्र त्याला उद्याचे वाटते आणि तो दार उघडत नाही. घड्याळ मागे का पडले? मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला म्हणून. त्या सेलवर 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते. तेही वाचण्याजोगे आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. घड्याळाच्या दुकानात तो थोडक्या पैशांत मिळतो. वीजजोडणी काढून तो बदलला की 'नेट' सुरू! येथे राउटर बदलणारा, तारा उपसणारा आणि प्रणाली पुन्हा बसवणारा हे तिघेही 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' या म्हणीचे धनी ठरले असते.

दुसरे उदाहरण याहून मजेदार आहे. संगणक सुरू होतो, नाव आणि पासवर्ड विचारतो. अचूक पासवर्ड दिला तरी क्षणभर काळा पडदा दाखवून पुन्हा पासवर्डच मागतो. पासवर्ड कुणी बदलला, यावरून मित्रांत भांडण लागते. वस्तुतः पासवर्ड चुकला असता तर 'चुकला' असा शेरा पडद्यावर आला असता. तो आलेला नाही, ही गोष्टच बोलकी आहे. जे लिहिलेले नाही तेही वाचावे लागते, हे वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला मी काय सांगावे? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबून साध्या अक्षरी पडद्यावर जावे, तेथे 'डीएफ' ही आज्ञा द्यावी. बहुतेक वेळा हार्ड डिस्क शंभर टक्के भरलेली आढळते. कुणीतरी उतरवून ठेवलेले चित्रपट हे त्याचे कारण असते. प्रणालीला आपल्या दोन ओळी लिहिण्यापुरतीही जागा उरलेली नसते, म्हणून ती दारातूनच परत पाठवते. फाइली हलवल्या की दार उघडते. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची आपली सवय येथे उघडी पडते.

नेटवर्कची बाब अशीच पायरी-पायरीने वाचायची आहे. 'नेट नाही' या दोन शब्दांत निदान चार वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. तार बसते तेथला बारीक दिवा लागतो का, ही पहिली पायरी. संगणकाला नेटवर्कवरचा पत्ता मिळाला आहे का, ही दुसरी. ती 'आयपी ॲड्रेस' या आज्ञेने कळते. तिसरी पायरी म्हणजे खोलीतल्या राउटरला 'पिंग' करून पाहणे, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारणे. चौथी, बाहेरच्या जगातल्या ८.८.८.८ यासारख्या एखाद्या सर्वपरिचित पत्त्याला तीच हाक मारणे. आणि पाचवी, अंकी पत्त्याऐवजी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाने हाक मारणे. अंकांना उत्तर येते आणि नावाला येत नाही, असे झाले तर रस्ता मोकळा आहे, फक्त नावावरून पत्ता सांगणारी वही हरवली आहे. तिला डीएनएस म्हणतात. राउटरपर्यंत हाक पोचते पण पुढे नाही, असे झाले तर दोष आपल्या यंत्रात नाही, सेवा पुरवणाऱ्याकडे दूरध्वनी करावा. (काही ठिकाणी पिंगला मुद्दाम बंदी असते, तेवढे ध्यानात ठेवावे.) टपाल पोचले नाही तर पेटी, पोस्टमन की पत्ता, कोठे चुकले हे आपण शोधतोच ना? त्यापेक्षा यात निराळे काही नाही.

वाय-फायच्या संदर्भात लिनक्सची एक जुनी बदनामी आहे, तिचाही उल्लेख केला पाहिजे. पुष्कळ वाय-फाय उपकरणांना चालण्यासाठी त्यांच्या उत्पादकाने दिलेली 'फर्मवेअर' नावाची फाइल लागते. ती मुक्त परवान्याची नसल्याने डेबियनसारखी तत्त्वनिष्ठ प्रणाली ती आपल्या अधिकृत प्रतीत घेत नसे. परिणामी प्रणाली बसवली तरी वाय-फाय मुके राही आणि लोक 'लिनक्सला वाय-फाय येत नाही' असे म्हणत. २०२२ साली डेबियनच्या सभासदांनी मतदान करून हे धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये निघालेल्या डेबियन १२ पासून ही फर्मवेअर अधिकृत प्रतीतच येऊ लागली. तत्त्व आणि व्यवहार यांतला हा झगडा राज्यशास्त्राच्या तासाला शोभावा असा आहे. तरीही वाय-फाय चालले नाही तर शकावली उघडावी. फर्मवेअर सापडली नसेल तर तेथे तिच्या नावासह तसे लिहिलेले असते. 'आरएफकिल' ही आज्ञा दिली तर वाय-फाय सॉफ्टवेअरने बंद केले आहे की यंत्रावरच्या बटणाने, हेही कळते.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येऊ. तो म्हणजे मराठी. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे आणि लिनक्सवर मराठी लिहिण्याची सोय विनामूल्य आहे. सेटिंग्जमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक निवडता येतो. उच्चारानुसार टंकन करणाऱ्यांसाठी आयबस या साधनातून गमभनसारख्या पद्धतीही मिळतात. परंतु येथेही वाचणारा डोळा लागतो. पडद्यावर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसले तर टंक म्हणजे फाँट बसवलेला नाही असे समजावे. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक खिचडा दिसला, तर मजकूर युनिकोडपूर्व काळातील एखाद्या फाँटमध्ये टंकलेला आहे. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फाँट नसेल तर मजकुराची माती होते. अनेक महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांच्या, शोधनिबंधांच्या आणि प्रश्नपत्रिकांच्या जुन्या फाइली याच अवस्थेत पडून आहेत. हा दोष लिनक्सचा नव्हे. लिनक्स आणले की तो फक्त नजरेस येतो. रूपांतर करून आणि मुद्रिते तपासून तो मजकूर वाचवता येतो, आणि ते काम मराठी विभागावाचून दुसरे कोण करणार?

एवढेच नव्हे तर, मराठीच्या काही खोड्या अशा आहेत की त्या मराठी जाणणाऱ्यालाच कळाव्यात. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या दोन वाक्यांत किती अंतर आहे, हे लग्नघरात विचारावे. दुसऱ्या वाक्यातला तो डोळ्याच्या पापणीसारखा र उमटवण्यासाठी इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह 'जे'ची कळ दाबून नुक्त्याचा ऱ घ्यावा लागतो, मग हलन्त आणि मग य. एखाद्या फाँटात तो र नीट जुळत नसेल, किंवा ल आणि श यांची मराठी वळणे न येता हिंदी वळणे येत असतील, तर ते ओळखून योग्य फाँट निवडण्याचे काम विद्युत अभियंत्याचे नाही, आपले आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्ता' किंवा 'लोहित देवनागरी' असे मुक्त परवान्याचे चांगले फाँट आज उपलब्ध आहेत.

येथवर जे सांगितले त्यातून एक पद्धत दिसते. पहिली गोष्ट, संदेश शब्दशः उतरवून घ्यावा. 'कसलीशी एरर आली' हे अवतरण नव्हे. दुसरी, बदल एका वेळी एकच करावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर कशाने सुरू झाले हे कायमचे अज्ञात राहते. तिसरी, चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या यंत्राची तुलना करावी. लिनक्स पेन-ड्राइव्हवरूनच, काहीही न बसवता, चालवून पाहता येते. त्यात वाय-फाय चालले तर उपकरण शाबूत आहे आणि दोष आतल्या मांडणीत आहे, हे सिद्ध होते. नव्या दुरुस्त्यांनंतर पडदा काळा पडला तर सुरुवातीच्या यादीतून आधीचे कर्नल निवडून तुलना करता येते. चौथी, जे केले ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे. मित्रहो, ही पद्धत आपल्याला परकी आहे काय? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतक महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत होती. प्रती जुळवणे, पाठभेद टिपणे, शुद्ध पाठाविषयी घाईने निष्कर्ष न काढणे, हीच ती शिस्त. विषय लहान, पण जात एकच.

याच शिस्तीतून एक पथ्यही निघते. आजकाल अडचण आली की ती फोनवर शोधायची, किंवा संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारायची आणि जी आज्ञा मिळेल ती तशीच चिकटवायची, अशी रीत पडली आहे. विचारण्यात गैर काही नाही. परंतु 'सुडो' या शब्दाने सुरू होणारी आज्ञा म्हणजे यंत्राचा पूर्ण अधिकार हाती घेणे होय. ती न वाचता देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणे. प्रत्येक आज्ञेची माहितीपुस्तिका यंत्रातच असते; 'मॅन' हा शब्द आणि पुढे आज्ञेचे नाव लिहिले की ती उघडते. उत्तर कुणाचेही असो, मूळ ग्रंथाशी ताडून पाहिल्याशिवाय ते घेऊ नये, हे आपले प्राध्यापक आपल्याला पहिल्या वर्षापासून सांगत आले आहेत.

आता आक्षेपांकडे वळतो. कुणी म्हणेल, लिनक्सवर सगळेच चालते असे नाही. हे खरे आहे आणि ते लपवून उपयोग नाही. कार्यालयांत सर्रास दिसणारे काही लेझर प्रिंटर लिनक्सवर फार त्रास देतात. पानांची मांडणी करणारे आणि जुन्या मराठी फाँटांवर चालणारे काही प्रोग्राम विंडोजसाठीच बनलेले आहेत. काही कार्यालयीन कामांना विंडोजच लागते. अगदी जुनी ३२ बिटांची यंत्रे असतील तर नव्या लिनक्सनेही त्यांची साथ सोडत आणली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून तसल्या यंत्रांवर नव्याने प्रणाली बसवण्याची सोय राहिली नाही. म्हणून कार्यालयातले लेखा विभागाचे यंत्र उद्याच बदला, असा हट्ट मी धरणार नाही. माझे म्हणणे विद्यार्थी ज्यांवर वाचतात, लिहितात आणि शोधतात त्या यंत्रांपुरते आहे. तेथे लिखाणासाठी लिब्रे ऑफिस आणि वाचण्यासाठी फायरफॉक्स पुरेसे होतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यार्थ्यांनी दुरुस्ती करावी म्हणजे तंत्रज्ञाचे वेतन वाचवण्याची ती पळवाट ठरेल, असे काही जणांना वाटते. ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच हे काम वेठीचे नसावे, शिक्षणाचे असावे, आणि तंत्रज्ञाचे पद त्यामुळे कमी होऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ग्रंथालयात पुस्तके लावण्यास विद्यार्थी मदत करतात म्हणून ग्रंथपाल नको, असे कुणी म्हणत नाही. शिवाय आजची स्थिती तरी काय आहे? वार्षिक देखभालीचा करार असलेला माणूस येतो, प्रणाली पुसून नव्याने बसवतो आणि जातो. बिघाड काय होता, हे त्याने सांगितलेले नसते आणि आपण विचारलेले नसते. तीन महिन्यांनी तोच बिघाड, तोच माणूस, तेच बिल.

हे कोठे घडले आहे काय, असे विचारणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. तेथे २००१ साली सुरू झालेल्या आयटी-ॲट-स्कूल या प्रकल्पातून शाळांत मुक्त प्रणाली रुजली. पुढे काइट या सरकारी संस्थेने शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती काढली. २०१८ मध्ये तेथील माध्यमिक शाळांत 'लिटल काइट्स' ही विद्यार्थ्यांची मंडळे सुरू झाली. त्यांत मुलांना हार्डवेअरची ओळख आणि मल्याळम भाषेतील संगणन या दोन्ही गोष्टी शिकवल्या जातात. शाळकरी मुलांना जे जमते ते पदवीच्या वर्गाला जमणार नाही, असे मानणे म्हणजे स्वतःचा अपमान करून घेणे आहे. आपल्याकडे एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र जवळपास प्रत्येकाच्या फाइलीत असते; पण ते प्रामुख्याने वापर शिकवते. चालते यंत्र चालवण्याचे शिक्षण तेथे मिळते, अडलेल्या यंत्राचे म्हणणे ऐकण्याचे शिक्षण राहूनच जाते.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. या वर्षी निर्लेखनाच्या यादीत जे संगणक आहेत त्यांपैकी पाच संगणक प्राचार्यांच्या परवानगीने विद्यार्थ्यांच्या एका मंडळाकडे द्यावेत. त्यांवर लिनक्स बसवावे. प्रत्येक यंत्राजवळ एक वही टांगावी. बिघाड काय दिसला, संदेश काय आला, काय करून पाहिले आणि कशाने सुटले, हे चार रकाने मराठीत भरावेत. वर्षअखेरीस त्या वह्यांतून निवडक नोंदी पुढच्या तुकडीसाठी छापून ठेवाव्यात. अशा नोंदी मराठीत फार थोड्या आहेत. इंग्रजी संदेशाला बिचकून मागे सरणारा खेड्यातून आलेला विद्यार्थी, 'हा संदेश आला तर अमुक पाहा' असे आपल्या भाषेत लिहिलेले वाचील, तेव्हा तो खुर्ची पुढे ओढील. पाच यंत्रांपैकी दोन बंद पडली तरी बिघडत नाही. भंगारात जायचीच होती ती!

यंत्राच्या साहाय्यानेच आता आपण वाचतो, लिहितो, अर्ज भरतो, निकाल पाहतो. ज्या साधनावर आपले सारे वाङ्मयीन जीवन उभे आहे त्याच्याविषयी पूर्ण अडाणी राहणे ही सुसंस्कृतपणाची खूण नव्हे. प्रत्येकाने अभियंता व्हावे असे नाही. परंतु समोर आलेले वाक्य पूर्ण वाचावे, त्याचा अर्थ लावावा, शंका घ्यावी, पुरावा पाहावा आणि मगच हात लावावा, एवढे तरी कला शाखेकडून अपेक्षित आहे. येत्या जूनमध्ये ते पाच संगणक मिळाले, तर वहीचे पहिले पान भरायला आपल्यापैकी कोण कोण येणार, एवढेच आता ठरवायचे आहे.